ड्रमवरची रेघ

सात एप्रिल, मंगळवार, सकाळचे साडेदहा. रक्कम एक लाख अठरा हजार रुपये, सगळी रोख. हजर माणसं चार: माझा थोरला भाऊ, वहिनी, म्हशींचा व्यापारी आणि मी. ठिकाण टाकवे बुद्रुक, भावाच्या घरापुढचं अंगण. माझी त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती म्हणून मी कुसगावहून सकाळीच आलो होतो. दादाने मला बोलावलं ते नोटा मोजायला. मी नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बेअरिंग, बोल्ट, पट्टे असला माल मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. त्यामुळे घरात काहीही मोजायचं निघालं की मला फोन येतो.

म्हैस आठ महिन्यांची गाभण होती. काळीभोर, शिंगं आत वळलेली, दुसऱ्या वेताची. व्यापाऱ्याने आणि दादाने रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवला. मला ती पद्धत पटत नाही, कारण आकडा ऐकू येत नाही. पण व्यापार त्यांचा होता.

"आबा, सोन्यासारखी म्हस दिली तुमाला," व्यापारी म्हणाला.

"सोनं शेण टाकत न्हाई," दादा म्हणाला. "ही बघ, पैलं तेच केलं."

वहिनी हसल्या, पण त्यांचं लक्ष म्हशीच्या कासेकडे होतं. त्या चार वर्षं आमच्याच औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासत होत्या. कंत्राटी काम. पहाटे उठून धारा काढायच्या आणि सहा दहाची कंपनीची बस पकडायची. पन्नाशीला आलेल्या बाईची दिवसभर पाण्यात राहून बोटं सोलून निघत. घरच्या दोन म्हशींपैकी एक आटलेली होती. ही नवी व्याली की दूध दुपटीच्या वर जाणार होतं, आणि मग कँटीन सोडायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. व्यापारी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "भावजी, जूनमधी ही व्याली, की त्या बशीला माजा रामराम. हिच्या जिवावर मी घरी बसनार."

सगळं त्या म्हशीवर होतं. विमा व्याल्यावर उतरवू असं आम्ही ठरवलं. ते मीही ऐकलं आणि मान डोलावली.

पुढच्या रविवारी जनावरांचे डॉक्टर आले. म्हैस तपासायची होती, कानात बिल्ला मारायचा होता, आणि त्यांच्याजवळ एक फॉर्मही होता. कुणाकडे किती जनावरं, चारा कोणता, शेणाचं काय करता. डॉक्टर तरुण होते, खाटेवर बसून त्यांनी चहा घेतला आणि प्रश्न विचारायला लागले. सहा जनावरं: तीन म्हशी, एक गाय, दोन बैल. चारा भाताचा पेंढा, थोडी कडबाकुट्टी, बांधावरचं गवत. शेण गोबरगॅसला.

"हे कशापायी लिव्हताय?" दादाने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, जनावर रवंथ करतं तेव्हा त्याच्या पोटात मिथेन नावाचा वायू तयार होतो. तो हवेत जातो आणि उष्णता धरून ठेवतो. हवा तापते त्यात त्याचा मोठा हिस्सा आहे.

"मागून जातो व्हय?" दादाने अगदी गंभीरपणे विचारलं.

"नाही. बहुतेक सगळा तोंडातून. ढेकर."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा गोठ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलं का गं? तोंड मिटून खा." मग डॉक्टरांकडे पाहून, "साहेब, हितनं लोनावळ्यापातूर बंगलं बघा. एकेका घराला चार-चार एशी. गाड्या किती. तितं कुनी फारम भरतंय का? गरिबाच्या म्हशीचा ढेकर मोजाय बरं माणूस येतं."

"तुमचं खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "मोठा धूर तिकडचाच आहे. पण म्हशीही फार आहेत देशात, म्हणून विचारायचं. रोजचा गॅस सगळा वापरता का? उरला तर काय करता?"

"सोडून देतो," वहिनी म्हणाल्या. "रेघेला आला की कॉक उघडायचा."

"कसली रेघ?"

"आमच्या भावजींनी मारल्याली. शिकल्याले हायेत ते."

डॉक्टर उठून परसात गेले. मीही गेलो. गोबरगॅसची टाकी आमच्या वडिलांच्या वेळची आहे. जमिनीत बांधलेली विहीर, तिच्यात शेणकाला, आणि त्यावर लोखंडी ड्रम उपडा तरंगतो. गॅस जमला की ड्रम वर उचलला जातो, वापरला की खाली बसतो. ड्रमवर पांढऱ्या ऑइलपेंटने मारलेली रेघ होती, पट्टी लावून अगदी सरळ मारलेली. तिच्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'ड्रम इथपर्यंत आल्यावर कॉक उघडावा. एक फूट खाली बसल्यावर बंद करावा.' खाली सही नव्हती एवढंच.

त्या रेघेची हकीगत अशी. अकरा वर्षांपूर्वी दादाची दोन्ही मुलं शिकायला बाहेर गेली. घरात दोनच माणसं उरली, जनावरं तेवढीच राहिली. गॅस उरायला लागला. ड्रम पूर्ण वर आला की कडेने बुडबुडे येत, शेणकाला उतू जाऊन वहिनींच्या परसात पसरे. दादा त्यावर साधा उपाय करत असे. दुपारी रिकामी शेगडी पेटवून ठेवायचा आणि ड्रम खाली बसेपर्यंत जळू द्यायचा. ते मी पाहिलं आणि त्याला बोललो. विनाकारण जाळ करतोस, जळतं त्याचाच धूर होतो, जग सगळीकडे प्रदूषण कमी करा म्हणतंय आणि तू मोकळी शेगडी पेटवून बसतोस. सोडून दे हवेत, विरून जाईल. दादा म्हणाला, "तू म्हंतोस तर तसं." मी पेंट आणला, रेघ मारली, सूचना लिहिली. कारखान्यात आम्ही तेलाच्या टाक्यांवर अशाच रेघा मारतो. अकरा वर्षं ती सूचना एका शब्दाचा फरक न करता पाळली गेली. आमच्या घरात मी सांगितलेलं सहसा कुणी मोडत नाही.

डॉक्टरांनी सूचना मोठ्याने वाचली. हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले.

"उलटं झालं हो," ते म्हणाले. "जाळायला हवा. जळला की मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो त्यामानाने सौम्य. न जाळता सोडला तर म्हशीच्या ढेकरासारखाच वर जातो. वीस वर्षांचा हिशेब धरला तर उष्णता धरण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट भारी."

"पन धूर कुटं हाय त्याला?" वहिनी म्हणाल्या. "दिसतबी न्हाई."

"तेच ना, मावशी. दिसत नाही."

डॉक्टरांनी फॉर्ममध्ये एक खूण केली आणि ते पुढच्या घरी गेले. कॉक त्या दिवसापासून बंद झाला. दादा पुन्हा शेगडी पेटवायला लागला, वहिनी त्यावर आंघोळीचं पाणी ठेवायला लागल्या. अकरा वर्षांच्या चुकीची दुरुस्ती इतकी सोपी होती.

पण मला मोजल्याशिवाय राहवेना. ड्रमचा व्यास सव्वापाच फूट. तो एक फूट खाली बसतो म्हणजे साधारण सहाशे लिटर गॅस. त्यात साठ टक्के मिथेन धरला तर वजनाने पाव किलोच्या आसपास. पावसाळ्यात आणि थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा वर्षाचे तीनशे दिवस धरले. सत्तर किलोच्या वर गेलं. मग मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, एक म्हैस वर्षाला ढेकरातून किती सोडते. ते म्हणाले, जनावर आणि चारा बघून बदलतं, पण पन्नास-साठ किलो धरा.

वही पुढ्यात ठेवून मी बराच वेळ बसलो. आमच्या गोठ्यात अकरा वर्षं आणखी एक म्हैस होती. ती दिसत नव्हती, तिने दूध दिलं नाही, शेण टाकलं नाही, तिला वैरण घालावी लागली नाही. ती फक्त ढेकर देत होती, रोज दुपारी, माझ्या रेघेबरहुकूम. आणि डॉक्टरांनी असंही सांगितलं होतं की हा वायू वर दहा-बारा वर्षं टिकतो. म्हणजे अगदी पहिल्या वर्षी मी सोडायला लावलेला आत्ता कुठे विरत असणार. बाकीचा बराचसा अजून वर आहे.

मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग तिचं दूध तू कुसगावला नेत असशील."

एप्रिल संपत आला तसं ऊन वाढलं. मावळात उन्हाळा असतोच, पण संध्याकाळी डोंगरावरून वारा उतरायचा आणि पहाटे पांघरूण लागायचं. यंदा वारा उतरेना. माझ्या कुसगावच्या गॅलरीत थर्मामीटर आहे, मी रोज दोन वेळा वाचतो. एका गॅलरीच्या आकड्यांवरून जगाबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण सकाळचा आकडा खाली यायचं नाव घेईना. रात्र झाली तरी भिंतींना हात लावला की गरम. शेजारी म्हणत, लोणावळ्यात आता पंखे पुरत नाहीत.

एक थर्मामीटर मी दादाच्या गोठ्यात टांगला. वर पत्रा होता. दुपारी तीनला त्रेचाळीस.

म्हशीला घाम फारसा येत नाही. कातडं काळं, ते ऊन ओढून घेतं. तिला पाण्यात बसायला लागतं. पूर्वी घरामागच्या ओढ्यात मेपर्यंत डोह असे आणि आळीतल्या सगळ्या म्हशी दुपारी तिथे नाकं वर काढून पडलेल्या असत. यंदा होळीनंतर महिनाभरातच तिथे वाळलेला चिखल होता, त्यावर खुरांच्या जुन्या खुणा. नवी म्हैस तिथे गेली, उभी राहिली, चिखल हुंगला आणि परत आली. त्यानंतर ती कधी तिकडे वळली नाही.

घरची जनावरं कशीबशी तग धरून होती, पण ही भरल्या पोटाची; ती जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली. मी घड्याळ लावून तिच्या बरगड्या मोजल्या. मिनिटाला चौसष्ट श्वास. पहिल्या आठवड्यात वीस-बावीस होते. वहिनी गोणपाट भिजवून तिच्या पाठीवर टाकत, ते अर्ध्या तासात वाळून कडक होत. त्यांनी कँटीनमधून दोन दिवस रजा घेतली, मग तिसरा. सुपरवायझरने फोनवर सांगितलं, आणखी एक खाडा झाला तर दुसरी बाई घेणार.

"म्हशीसाठी रजा घेतली म्हनलं तर तो हसला," वहिनी मला म्हणाल्या. "म्हनला, मावशी, मॅटर्निटी लीव का?"

मग मी एक सोय केली. पत्र्याखाली प्लास्टिकचा पाइप बांधला, त्याला चार-चार इंचांवर भोकं पाडली आणि तो बोअरच्या मोटरला जोडला. मोटरला मोबाइलचा स्टार्टर होताच. फोन लावला की मोटर सुरू होते, दहा मिनिटांनी आपोआप बंद. घरी कुणी नसलं तरी दादाने दूध घालता घालता फोन करायचा आणि म्हशीवर पाऊस पडायचा. चार दिवस हे उत्तम चाललं. श्वास पन्नासच्या खाली आले. वहिनी कामावर जायला लागल्या.

त्या दिवसांतच एका संध्याकाळी गोठ्यात पाइपाखाली उभ्या राहून त्यांनी मला विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"भावजी, खरं सांगा. आपुन जो गॅस सोडला, त्याचीच झळ लागतीय का हिला?"

मी म्हणालो, तसं नसतं. आपण सोडलेला सगळ्या जगाच्या हवेत मिसळला. त्यात जगभरच्या गाईम्हशींचा आहे, भातखाचरांचा आहे, कचऱ्याच्या डोंगरांचा आहे, खाणींचा आहे. आपला त्यात थेंबाइतकाही नाही. आणि एखाद्या उन्हाळ्यातलं ऊन कुणामुळे, हे असं बोट दाखवून सांगता येत नाही.

"मंजी न्हाई?"

"नाही असंही म्हणता येत नाही, वहिनी."

त्या काही वेळ म्हशीची पाठ चोळत राहिल्या. "मंग कुनाला इचारायचं?" एवढंच म्हणाल्या.

स्टोअरमध्ये एक बोल्ट कमी पडला तर मी तो कुणी नेला हे तासाभरात काढतो. इथे माझ्याजवळ किलोचा आकडा होता, वर्षं होती, सूचना माझ्या अक्षरात होती, आणि तरी नुकसान कुणाच्या नावावर घालायचं ते कळत नव्हतं. माझ्या नावावर पूर्ण घालता येत नव्हतं, पूर्ण काढताही येत नव्हतं.

नऊ मे, शनिवार. शनिवारी लोणावळ्यातल्या हॉटेलांना दूध जास्त लागतं. दादाने शेजारच्या दोन घरांचं दूध बरोबर घेतलं, त्यामुळे तो निघायलाच दहा वाजले. वहिनी कँटीनमध्ये होत्या, मी फर्स्ट शिफ्टला. आळीतली बाकीची माणसं एका लग्नाला गेलेली. जुन्या हायवेवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती. दादा मोटरसायकलला कॅन अडकवून मध्ये अडकला. कडेने निघायलाही वाट नव्हती.

पावणेबाराला त्याने मोटरला फोन लावला. एक बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात म्हणाली, वीजपुरवठा उपलब्ध नाही. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. वीजपुरवठा उपलब्ध नाही. त्याच्या फोनमध्ये मी नंतर मोजले, त्याने पावणेबारा ते सव्वातीन या वेळात एकतीस वेळा फोन लावला होता. एकोणतिसाव्यानंतर त्याने मला लावला. माझा फोन नियमाप्रमाणे गेटवर जमा होता. वहिनींचाही.

तो घरी पोचला तेव्हा साडेतीन वाजले होते. वीज दहा मिनिटांपूर्वी आली होती. म्हैस गोठ्यात आडवी पडली होती, तोंडाला फेस, डोळे उघडे. दादाने मोटर सुरू केली, तिच्यावर पाणी पडायला लागलं, तिने कानही हलवला नाही. डॉक्टर पाचला आले. त्यांनी ताप पाहिला आणि आकडा सांगितला नाही. मी आल्यावर विचारला, तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली. सलाइन लावलं, बर्फ मागवला. मी पोचलो तेव्हा वहिनी म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कँटीनचा निळा एप्रन अंगावर तसाच.

सहाच्या सुमाराला तिने वासरू टाकलं. रेडी होती, मेलेली. रविवारी सकाळी आठच्या आधी म्हैसही गेली.

डॉक्टरांनी दाखल्यावर कारण लिहिलं: उष्माघात. मी तो शब्द दोनदा वाचला. एका शब्दात बसेल असं काय होतं त्यात, मला कळलं नाही.

दादा गोठ्याच्या मेढीला टेकून उभा होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "घे. तुज्या वहीत एक म्हस कमी कर आता. ढेकर बंद झाला."

"गप ऱ्हावा," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी काय मुद्दाम केलंय व्हय?"

तो मला बोलला याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की तो बोलला त्याच क्षणी माझ्या मनात आकडा येऊन गेला होता. वर्षाला पन्नास-साठ किलो कमी. तो आकडा बरोबरच होता.

बाहेर नऊ वाजताच ऊन डोळ्यांवर येत होतं. ड्रम वर चढत होता, कारण आदल्या दिवशी दुपारी शेगडी पेटवायला कुणी नव्हतं. दादाने जाऊन ती पेटवली. उजेडात ज्वाळा दिसत नव्हती, नुसती वरची हवा हलत होती.

म्हैस उचलून नेणं माणसांच्या हातचं नव्हतं. ओढ्यापलीकडे एका बंगल्याचा पाया खणायला जेसीबी आला होता. दादा जाऊन ड्रायव्हरला घेऊन आला. ड्रायव्हरने बांधाच्या कडेला आठ फूट खोल खड्डा घेतला. जमीन खालपर्यंत कोरडी निघाली, ओल कुठेच लागली नाही. म्हैस आणि रेडी दोन्ही त्यात ठेवल्या, वर चुना आणि मीठ टाकलं, माती ओढली. पाऊण तास लागला.

माती ओढणं चालू असतानाच वहिनींचा फोन वाजला. सुपरवायझर होता. "व्हय," त्या म्हणाल्या. "उद्या येते. सहा दहालाच येते. न्हाई, आता रजा लागनार न्हाई."

फोन ठेवून त्या आत गेल्या आणि पैसे घेऊन आल्या. मी खिशात हात घातला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ड्रायव्हर तीन हजार म्हणाला होता. म्हशीशेजारी मेलेली रेडी बघून त्याने पाचशे कमी केले. वहिनींनी अडीच हजार रुपये मोजले, एकदाच मोजले, आणि जेसीबीच्या ड्रायव्हरच्या हातात दिले.